'पॅरलॅक्स काढला' म्हणजे नेमकं काय काढलं?

बारावीच्या प्रयोगवह्या तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं : 'पिन सरकवून पॅरलॅक्स काढला.' वाक्य बरोबर असतं, मार्कही द्यावे लागतात. पण तोंडी परीक्षेत "काढला म्हणजे काय केलंस रे?" असं विचारलं की मुलगा प्रयोगशाळेच्या छताकडे बघतो.

मराठीत याला पराशय म्हणतात. डोळा डावी-उजवीकडे नेला की दोन वस्तू एकमेकींपासून सरकल्यासारख्या दिसतात, याचा अर्थ त्या एका अंतरावर नाहीत. भिंगाने तयार केलेली प्रतिमा आणि आपली पिन एकाच जागी आली, की डोळा कसाही हलवा, दोघी जोडीनेच राहतात. एवढंच. आकाशात हाच पराशय कामाला येतो. १८३८ मध्ये बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर त्यावरूनच काढलं. पण आज मला जमिनीवरचं बोलायचंय.

गेल्या दिवाळीत एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती छंद म्हणून एअर रायफल चालवते, २० मीटरवर. रायफलीवर स्कोप आहे : १ ते ६ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग २४ मिलिमीटरचं. "सर, रायफल रिकामी करून टेकवून ठेवली, हातसुद्धा लावला नाही. नुसतं डोकं हलवलं तरी आतली फुली लक्ष्यावरून सरकते. दुकानदार म्हणतो स्कोप बाद आहे, बाजूला नॉब असलेला महागडा घ्या. बाबा म्हणतायत, उसाचं बिल आलं की घेऊ."

म्हटलं, अगं थांब, बिल राहू दे बँकेत. आधी वही काढ.

तुम्हीही काढा. स्कोपचं पुढचं भिंग लक्ष्याची प्रतिमा आत तयार करतं आणि फुली एका ठरलेल्या जागी पक्की बसवलेली असते. कमी शक्तीच्या बहुतेक स्कोपमध्ये ही जागा साधारण १०० यार्डांवरच्या लक्ष्यासाठी कारखान्यातच ठरवून टाकतात, बदलायला नॉब देत नाहीत. हिशेबाला १०० मीटर धरू आणि भिंगाचं नाभीय अंतर १०० मिलिमीटर. आता आपलं नेहमीचं भिंगाचं सूत्र लावा. १०० मीटरवरच्या लक्ष्याची प्रतिमा १००.१ मिलिमीटरवर येते, २० मीटरवरच्या लक्ष्याची १००.५ वर. म्हणजे फुली आणि प्रतिमा यांच्यात ०.४ मिलिमीटरची फट! सगळं भांडण या फटीचं.

डोळा अगदी कडेला गेला, तर आपण भिंगाच्या मध्यापासून १२ मिलिमीटरवरून आलेल्या किरणाने बघतो. तो किरण १०० मिलिमीटरमध्ये १२ सरकतो, तर ०.४ मध्ये किती? ०.०४८. लक्ष्य प्रतिमेपेक्षा २०० पट मोठं, म्हणून लक्ष्यावर ९.६ मिलिमीटर. ही जास्तीत जास्त चूक. सोड्याच्या बाटलीचं झाकण सुमारे तीन सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे झाकणावर नेम धरणाऱ्याला हे जाणवणारच. पण स्कोप बाद नाही, तो शंभर मीटरसाठी बनवलाय आणि ही वीसवर वापरतेय.

तिचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. "मग १ वर ठेवला की फुली हलताना दिसत नाही, ६ वर दिसते, असं का?" चूक १ वर नाहीशी होत नाही, फक्त सगळं लहान दिसतं म्हणून डोळ्याला कळत नाही. शिवाय ६ पटीवर स्कोपमधून बाहेर येणारा प्रकाशाचा झोत २४ भागिले ६, म्हणजे ४ मिलिमीटरचा. डोळा दोनेक मिलिमीटर सरकला की कडेला काळी चंद्रकोर येते, स्कोपच तुम्हाला दटावतो. १ पटीवर झोत कागदावर तरी २४ मिलिमीटरचा, तिथे डोकं खुशाल भटकतं आणि चित्र मात्र स्वच्छच. स्वच्छ चित्र म्हणजे पॅरलॅक्स नाही, हा गैरसमज तिथूनच होतो. (डोळ्याकडची रिंग फिरवूनही काही होत नाही. ती फुली तुमच्या नजरेला ठळक दिसावी म्हणून असते.)

उपाय बिनपैशाचा आहे. प्रत्येक वेळी गाल दस्त्यावर त्याच जागी टेकवायचा. गालाखाली जाड कापडाची घडी बांधून उंची जुळवायची. मग आधी मुद्दाम डोकं हलवून काळी कड चारही बाजूंनी बघायची आणि ती सगळीकडे सारखी येईल अशा मध्यावर थांबायचं. ऑलिंपिकच्या रायफल नेमबाजीत तर दुर्बीण चालतच नाही. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनेही बारीक भोकाच्या साध्या साइटमधूनच नेम धरला, आणि तिथेही डोळा भोकाच्या मध्यावर आणणं हेच मोठं काम असतं.

पंधरा दिवसांनी तिने लक्ष्याच्या कागदाचे दोन फोटो पाठवले. पहिल्यावर छर्रे आडवे पसरलेले, दुसऱ्यावर बरेच जवळ आलेले, एकच बाहेर. खाली लिहिलं होतं, "सर, तो एक बाहेरचा पॅरलॅक्सचा नाही, माझा आहे." नवीन स्कोप अजून घेतलेला नाही.