तिखट शेवया आणि बारा कॅरेट टमाटे

वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मी शेवयांवर लिहिणार असं सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, "म्हणजे रेसिपी का?" हो, रेसिपी आहे. पण ती चार ओळींची आहे आणि तेवढ्यावर संपादक मला सोडणार नाहीत. म्हणून आधी ती उरकून घेते.

दोन वाट्या मोडलेल्या शेवया चमचाभर तेलात मंद आचेवर तांबूस भाजायच्या आणि ताटात काढून ठेवायच्या. भाजायचा कंटाळा केला तर पुढं खळ होते, शेवया राहत नाहीत. त्याच कढईत दोन चमचे शेंगदाण्याचं तेल, मोहरी, जिरं, सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण, एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या, हळद. मग अर्धा किलो टमाटे. लालभडक, मऊ पडलेले, भाजीवाला बाजूला काढून स्वस्तात देतो तसले चालतात, उलट तेच बरे. मीठ घालून झाकण ठेवायचं आणि टमाट्याचा आकार मोडून कडेनं तेल दिसेपर्यंत हात लावायचा नाही. त्यात आईनं दिलेलं काळं तिखट, गुळाचा एक खडा, दोन वाट्या गरम पाणी. उकळी आली की शेवया टाकून पाच मिनिटं झाकायच्या. वरून शेंगदाण्याचं कूट आणि असली तर कोथिंबीर.

रविवारी रात्री आमची मेस बंद असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाहेर खायचं, बाकीच्या रविवारी हे, असा आमच्या खोलीचा ठराव आहे. शेवया घरच्या, तेल-तिखट घरचं, त्यामुळं टमाटे, कांदा, मिरची, कोथिंबीर धरून तिघींचं जेवण चाळीस-पन्नास रुपयांत होतं. स्टेशनजवळच्या कॅफेत एका पास्त्याला दोनशे वीस रुपये पडतात, आणि तोही पुरत नाही.

पास्त्याचा विषय मी काढला नव्हता. पहिल्यांदा केलं तेव्हा वसईची मैत्रीण म्हणाली, "अगं, हा तर टोमॅटो पास्ता. फक्त बारीक." दुसऱ्या वेळेला तिनं घरून आणलेला बॉटल मसाला त्यात घातला. सावंतवाडीची म्हणाली की त्यांच्याकडं तांदळाच्या उकडीचे शिरवाळे करतात, नारळाच्या गोड रसात बुडवून खातात, आणि तिखट शेवया ही कल्पनाच तिला जरा चमत्कारिक वाटते. तरी दोनदा वाढून घेतलं.

मग मी शोधलं. पास्त्याच्या शेवयांसारख्या लांब प्रकाराला इटलीत व्हर्मिचेल्ली म्हणतात, आणि आपल्या शेवयांच्या पाकिटावर इंग्रजीत जे लिहिलेलं असतं ते हेच नाव. आमच्याकडं दुकानात मिळतं ते पाकीट हैदराबादच्या बांबिनोचं. बांबिनो म्हणजे इटालियनमध्ये बाळ, हे मला मुंबईत येऊन कळलं. टमाटा तर इटलीचाही नाही. तो अमेरिका खंडातला. कोलंबस १४९२ मध्ये तिकडं पोचला, त्यानंतर तो युरोपात आला आणि तिथंही पास्त्याशी त्याची गाठ पडायला फार काळ गेला. १८३९ साली नेपल्सच्या इपोलितो कवालकांती नावाच्या एका सरदारानं आपल्या पाककृतींच्या पुस्तकात टोमॅटोतल्या व्हर्मिचेल्लीची कृती दिली. गंमत पुढं आहे. त्या पुस्तकाचा मुख्य भाग प्रमाण इटालियनमध्ये आहे, पण घरगुती स्वयंपाकाचं जे परिशिष्ट आहे ते नेपल्सच्या बोलीत आहे, आणि टोमॅटोच्या शेवया त्या बोलीतल्या भागात आहेत. आपल्या मंडळात बोलीभाषेवर परिसंवाद झाला तेव्हा मला हे माहीत असायला हवं होतं!

आमचं हुलसूर बिदर जिल्ह्यात. आधी बसवकल्याण तालुक्यातलं गाव, अलीकडं स्वतःच तालुका झालं. बसवकल्याण म्हणजे जुनं कल्याण. तिथं चालुक्यांचा तिसरा सोमेश्वर राज्य करत होता आणि त्याच्या नावावर ११२९ च्या सुमाराचा 'मानसोल्लास' हा मोठा ग्रंथ आहे. त्यात अन्नभोग म्हणून राजाच्या खाण्यापिण्याचं प्रकरण आहे. टमाटा त्यात असणं शक्यच नाही. आणि राजवाड्यापासून एका दिवसाच्या चालीवर असलेल्या आमच्या शिवारात तेव्हा लोक काय खात होते, ते लिहून ठेवायचं कुणाच्या मनात आलं नसावं.

पास्ता म्हणजे भिजवलेल्या गव्हाच्या पिठाला आकार देऊन वाळवलेली वस्तू. एवढीच व्याख्या धरली तर आमच्या आजीकडं पास्त्याचं दुकान होतं म्हणायला हरकत नाही. गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे. बारीक काडीवर पिठाची दोरी गुंडाळून काडी ओढून घेतली की सरगुंडे, आतून पोकळ. मॅकरोनी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला सरगुंडेच आठवले. ह्या सगळ्याला मिळून वळवट म्हणतात, आणि हे लग्नाच्या रुखवतात मांडायचं. खायचं कमी, दाखवायचं जास्त. पास्त्याला जो ड्युरम गहू लागतो, त्याच जातीचा आपला बन्सी गहू. तोच शेवयाला चांगला असं आजी सांगायची, कारण पीठ तुटत नाही.

शेवया मात्र डब्याच्या डब्यानं होत. एप्रिलमध्ये. गहू ओलवायचे, दडपून ठेवायचे, पुन्हा सावलीत कोरडे करायचे, दळायचे, कोंडा चाळून काढायचा. पीठ घट्ट मळून मऊ येईस्तोवर कुटायचं. लाकडी पाट तिरका लावून एकीनं त्यावर पिठाची दोरी हातानं वळत, ओढत न्यायची, दुसरीनं खाली ती झेलून बोटांवर पदर घ्यायचे आणि तिसरीनं काठीवर वाळत घालायच्या. हे सगळं ऊन चढायच्या आत. हात थांबला की तार तुटते, म्हणून बोलणं चालतं, उठणं चालत नाही. मी सहावीपासून झेलणारी होते. वळायला बसायचा मान दहावीच्या सुट्टीत मिळाला. मान कसला, तळहाताची साल जायची.

हे काम सावडीनं व्हायचं. आज आमच्या अंगणात, उद्या शेजारच्या अक्कांच्या, परवा खालांच्या. अक्का कन्नड बोलणाऱ्या, त्या शाविगे म्हणायच्या, खाला सेवय्यां म्हणायच्या. त्यांचा डबा ईदच्या शीरखुर्म्यासाठी, आमचा नागपंचमी-दिवाळीच्या खिरीसाठी आणि पाहुण्यांसाठी. एक शेर निलंग्याला आत्याकडं जायचा. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बिदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. शेवयाच्या डब्याला त्याचा काही फरक पडला नाही. एसटीत ठेवला की पोचायचा.

ह्या कामाचे पैसे कुणी धरत नाही. मी वर 'शेवया घरच्या' असं लिहून हिशोबात शून्य धरले ना, तसंच. शेजारच्या बायका, माझी आई आणि मी, आमच्या एका आठवड्याच्या सकाळी त्या शून्यात आहेत.

आता टमाट्याचं. २०२१ साली अप्पांनी बोअरच्या पाण्यावर वीस गुंठे टमाटे लावले. रोपं विकतची, बांबू-तार उसनी, औषधं उधारीवर. पीक असं आलं की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. तोडा सुरू झाला आणि भाव खाली यायला लागला. त्या ऑगस्टमध्ये नाशिक-औरंगाबादकडचे शेतकरी रस्त्यावर टमाटे ओततानाचे व्हिडिओ आमच्या मोबाइलवर येत होते. अप्पा ते बघायचे नाहीत, मोबाइल पालथा ठेवायचे. एका दिवशी ते गाडी भरून आडतीवर गेले. वीस किलोच्या कॅरेटला चाळीस रुपये बोली लागली. किलोला दोन रुपये. गाडीभाडं, हमाली, तोडणीची मजुरी वजा केली तर खिशातून द्यायची पाळी. निम्मं त्या भावात सोडलं आणि उरलेले बारा कॅरेट परत घेऊन आले. का आणले, असं आजीनं विचारलं. अप्पा म्हणाले, "तिथं टाकून यायला हात होईना."

बारा कॅरेट म्हणजे दोनशे चाळीस किलो. माणसं पाच. गल्लीत वाटले, पण गल्लीतही सगळ्यांच्या घरी टमाटेच. म्हशीला घातले. आईनं चकत्या करून मिठात वाळवल्या, त्या पावसानं बुरसल्या. सार झालं, चटणी झाली, ठेचा झाला. त्या आठवड्यात किराणा आणला नव्हता, कारण दुकानदाराची आधीचीच उधारी होती. ज्वारी सरत आलेली. तेव्हा एका संध्याकाळी आईनं फळीवरचा शेवयाचा डबा खाली काढला.

आजी बसल्या जागेवरून म्हणाली, "काय करायलीस गं? सणाच्या शेवया हाईत त्या."

"टमाट्यात टाकायलेय."

"शेवया तिखट करतेत का कुठं? गूळ घालून कर की."

"गूळ कुठाय, आत्या?"

गूळ नव्हता. आजी गप्प बसली. आई सासूला आत्या म्हणते, आमच्याकडं तशी पद्धतच आहे, पण त्या दिवशी तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आम्ही जेवलो. धाकट्या भावानं ताट चाटून पुसून टाकलं आणि उद्या परत कर म्हणाला. अप्पांनी एकदाही मान वर केली नाही. आजीनं मात्र शेवटी बोटानं रस्सा चाखला आणि मीठ कमी आहे एवढंच बोलली. तिच्याकडून ती पसंतीच होती.

स्वस्त आणि मस्त, वीस मिनिटांत, तीस रुपयांत, अशा रेसिपींचे व्हिडिओ मीही बघते. मला त्यांचा राग नाही. मुंबईत शिकणाऱ्या पोरीला तीस रुपयांत पोट भरता येणं ही मोठी गोष्ट आहे आणि स्वस्ताईला नावं ठेवायची माझी ऐपत नाही. पण स्वस्त हा शब्द ऐकला की मला विचारावंसं वाटतं, कुणाला स्वस्त? टमाटे दोन रुपये किलो होते तेव्हा शहरात ते दोन रुपयांना मिळत नव्हते. आणि शेवया फुकट होत्या कारण त्या ओढणाऱ्या हातांना मजुरी नव्हती. नेपल्समधली गरीब माणसं रस्त्यावर उभ्यानं, हातानं मॅकरोनी खातात अशी जुनी चित्रं-फोटो आहेत. प्रवाशांना ते मौजेचं वाटायचं. ती माणसं दुसरं काही परवडत नाही म्हणून तसं खात होती, हे चित्रात दिसत नाही. आज त्याच पदार्थाला 'रस्टिक' म्हणून कॅफेत वाढतात. आमच्या तिखट शेवयांवर ती वेळ आली तर मी आधी भाव विचारीन.

२०२३ च्या जुलैत उलटं झालं. टमाटे शंभराच्या वर गेले, मुंबईत त्याहूनही जास्त. आमचा रविवारचा ठराव महिनाभर बंद पडला. मेसमधल्या कोशिंबिरीतून टमाटा गायब झाला आणि सगळे त्यावर विनोद करत होते. मी घरी फोन केला. अप्पांनी त्या वर्षी टमाटे लावलेच नव्हते. शेजारच्या शिवारात एकानं लावले होते आणि तो रात्री रानातच झोपत होता, राखणीला. त्याचं अप्पांना वाईट वाटलं नाही. उलट सांगताना हसत होते, "एकाचं तरी झालं बघ."

आजी गेल्याला आता दीड वर्ष झालं. पाट माळ्यावर आहे. गावातल्या गिरणीत शेवयांचं मशीन आलंय. एप्रिलमध्ये बायका रवा-पीठ घेऊन पहाटे नंबर लावतात, किलोमागं पैसे देतात आणि ओल्या शेवया घरी आणून बाजेवर वाळवतात. मशीनच्या शेवया सगळ्या एकसारख्या जाडीच्या असतात, तिखटाला चांगल्या, खिरीला नाहीत, असं आईचं मत. मला दोन्ही चालतात. मात्र आईच्या खांद्याचं दुखणं मशीन आल्यावर कमी झालं, त्यामुळं हातच्या शेवयांची आठवण काढून गळा काढणाऱ्यांत मी नाही.

परवा तिचा फोन आला तेव्हा खोलीत कांदा परतत होता. "काय करायलीस?" मी सांगितलं. "अजून हायत का शेवया?" म्हटलं, डब्याच्या तळाला हायत, दोन रविवार निघतील. ती म्हणाली, दिवाळीला येशील तेव्हा नेशील, पण रिकामा डबा आठवणीनं आण, मागच्या वेळचे दोन तिकडंच राहिलेत.