पैलतीरावरची लॉजं

हंपीला निघालो तेव्हा पिशवीत एक मार्गदर्शिका होती आणि खिशात फोन. मार्गदर्शिका अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेली, दहा-बारा वर्षं शिळी. कोल्हापूरला हरिप्रिया एक्स्प्रेसमध्ये बसताना बायको म्हणाली, "हे ओझं कशाला? फोनात सगळं आहे की." होतंच. होस्पेट स्टेशनापासून रिक्षाला किती द्यावेत, इथपर्यंत फोनला ठाऊक होतं. या बाबतीत मी कागदाची बाजू घेणार नाही. छापील भाडं दाखवून रिक्षावाल्याशी वाद घालणं म्हणजे मागच्या सालच्या पंचांगावर मुहूर्त काढणं.

दगडांचं वेगळं. विठ्ठल मंदिरापुढचा रथ कुठल्याही आवृत्तीत जागचा हलत नाही. त्याच्यासमोर उभं राहून मी लाँगहर्स्टचं १९१७ सालचं हंपीवरचं पुस्तक वाचलं, आणि तेही फोनवर! स्कॅन केलेलं, पानांवरच्या डागांसकट. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं यंत्रात आणि कालपरवाचं कागदावर. बायको हसत सुटली. मग दोघं रिकाम्या गाभाऱ्यापाशी गेलो. इथला विठोबा भानुदासांनी पंढरीला परत नेला, ही कीर्तनात ऐकलेली गोष्ट तिनं मला सांगितली आणि मी तिला. त्यासाठी काहीच उघडावं लागलं नाही.

संध्याकाळी विरूपाक्ष मंदिराशेजारी तुंगभद्रेच्या घाटावर बसलो. पुस्तक म्हणत होतं, होडीनं पलीकडे जा. विरूपापूर गड्डीला भातशेतांच्या काठानं लॉजांची रांग आहे. एका नावाभोवती आधीच्या मालकानं पेन्सिलीनं गोल केला होता. शेजारी लिहिलं होतं : 'डोसा!!' फोनच्या नकाशात तिथं नुसती शेतं. वारसा क्षेत्रातली ती बांधकामं २०२० साली, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, पाडली गेली. फोनचंच बरोबर होतं. पण त्याचं बरोबर असणं फळा पुसल्यासारखं. काल तिथं काय लिहिलं होतं, याचा खडूसुद्धा उरत नाही. माझं पुस्तक मात्र चुकलेलं, खोल्यांच्या दरांसकट, तसंच्या तसं चुकलेलं. चारी बाजूंना विजयनगरचे पडके मंडप असताना त्याची मला लाज वाटेना.

बायकोनं ते माझ्या हातून घेतलं, नकाशा नदीच्या दिशेनं फिरवून धरला आणि पेन्सिलीच्या गोलावर बोट ठेवून विचारलं, "त्या माडांच्या डावीकडे असेल का रे?"