दिमाग शादी में था

व्यवहारात भावनेला थारा नसतो, असं आपण सहज म्हणून जातो. आमच्या आसेगावात सोयाबीन निघालं की हे वाक्य किती पोकळ आहे ते कळतं.

सोयाबीन घरात येतं तेव्हाच सगळे खर्च दारात उभे असतात. कृषी केंद्राची उधारी, हरभऱ्याचं बियाणं, मजुरी. २०२४च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात त्याहून कमी मिळत होते. तरी लोक विकत होते. अडाणी म्हणून नव्हे.

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा सौद्यात पक्के. कुणाला म्हैस किंवा बकरी घ्यायची असली की लोक त्यांनाच सोबत नेतात. दुसऱ्यासाठी ते तासभर घासाघीस करतात, उठून चालू लागतात, समोरचा हाका मारत मागे येतो. पण मुलीचं लग्न ठरलं त्या वर्षी स्वतःचा ढीग त्यांनी पहिल्याच बोलीला देऊन टाकला. मी विचारलं, तर म्हणाले, "मास्टर, दिमाग शादी में था, जबान क्या करती?"

बी.एड.ला आम्ही शिकलो होतो की भुकेल्या मुलाचं लक्ष फळ्यावर टिकत नाही. मोठ्यांचंही तसंच आहे. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. तेच शेतकरी ऊस तोडणीआधी, हात तंग असताना, बुद्धीच्या चाचणीत मागे पडले आणि पैसा आल्यावर सुधारले. माणूस तोच, अक्कल तीच. काळजीनं डोक्यातली जागा अडवलेली. अशा वेळी घाई होते, नाहीतर राग येतो. रागानं माल परत नेला, तर गाडीभाडं पुन्हा आपल्याच अंगावर.

बाजार समित्यांत शेतमाल तारण योजना आहे. गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. पुढे भाव वाढेलच याची खात्री कुणी देत नाही. पण डोकं शांत करायला उसंत मिळते, आणि तीही कमाईच आहे.

आणि सौद्याला माणूस नेण्याची आपली जुनी रीत म्हशी-बकरीपुरतीच का ठेवायची? हर्रासाच्या वेळी ढिगाजवळ असा एकजण उभा असावा, ज्याच्या घरी त्या महिन्यात लग्न नाही. बोली पटली नाही तर नाकारायचा हक्क शेतकऱ्याला आहेच. 'नाही' म्हणायला फक्त मोकळं डोकं लागतं.