फ्लूट आणि गिटारच्या मागोमाग ब्युनोस आयर्स

मित्रांनो, आपल्या शाळेची घंटा सकाळी अकराला होते ना, तेव्हा ब्युनोस आयर्समध्ये रात्रीचे अडीच वाजलेले असतात. आणि तरी त्या शहरातल्या काही गल्ल्यांत दिवे चालू असतात, वाद्यं वाजत असतात. काढा बरं अ‍ॅटलास! दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडा. उजव्या बाजूला, खालच्या अंगाला, समुद्राला मिळणारी एक भलीमोठी रुंद नदी दिसेल. रिओ दे ला प्लाता तिचं नाव. तिच्या काठावरचं ब्युनोस आयर्स म्हणजे अर्जेंटिनाची राजधानी.

तिकडचं विमानाचं तिकीट तुमच्याआमच्या खिशाला परवडणारं नाही. मी तरी कुठे गेलेय! पण आज आपल्याला तिथे जायचंच आहे, आणि वाट दाखवायला दोघेजण बरोबर आहेत. एक फ्लूट, दुसरी गिटार.

फ्लूट म्हणजे आपल्या बासरीची धातूची बहीण. बासरीसारखीच आडवी धरतात, पण भोकांवर बोटांऐवजी चाव्यांच्या टोप्या बसतात. आजच्या फ्लूटचा हा साचा थिओबाल्ड बोएम या जर्मन माणसाने १८४७ साली बसवला. आणि आपली गिटार म्हणजे सिनेमातली विजेवर चालणारी नव्हे हं. ही लाकडी, सहा तारांची, नखांनी आणि बोटांनी छेडायची. या दोघींची जोडी जुनी आहे. दोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्ना शहरात माउरो ज्युलियानी नावाचा इटालियन गिटारवादक या जोडीसाठी रचना लिहीत होता. दिवाणखान्यात बसून, चार पाहुण्यांसमोर वाजवायचं ते गोड, सभ्य संगीत.

पण आपण ज्या रचनेच्या मागोमाग जाणार आहोत, ती दिवाणखान्यातली नाही. तिचं नाव ‘इस्त्वार द्यु टँगो’, म्हणजे ‘टँगोचा इतिहास’. आस्तोर पिआझोला या अर्जेंटिनाच्या संगीतकाराची ही रचना १९८६ साली छापून प्रसिद्ध झाली. चार भाग, साधारण वीस मिनिटं. गंमत म्हणजे पहिल्या तीन भागांच्या नावात एकेक ठिकाण आणि एकेक साल आहे, आणि चौथ्याच्या नावात ‘आज’. शहराचा नकाशाच म्हणा ना!

आधी बंदरावर उतरू. इथे एक चार मजली लांबलचक इमारत आहे, परदेशातून येणाऱ्यांसाठी १९११ साली उघडलेली. बोटीतून उतरलेल्या माणसांना इथे पाच दिवस फुकट राहायला-जेवायला मिळे. आता तिथे संग्रहालय आहे. इटली, स्पेन, पोलंड, रशिया, कुठून कुठून लोक आले! १९१४ च्या शिरगणतीत शहरातली जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली निघाली. विचार करा, तुमच्या वर्गातल्या दर दुसऱ्या मुलाची भाषा वेगळी!

त्यातले पुष्कळजण राहायला गेले ला बोका या बंदराशेजारच्या वस्तीत. होय, बोका ज्युनियर्सवालं बोका, मॅराडोनाच्या क्लबाचं. घरं पत्र्याची, लाकडाची. जहाजं रंगवून उरलेला रंग आणून लोक घरांना फासत. जेवढा मिळेल तेवढा. म्हणून एक भिंत निळी, तर दार पिवळं, आणि खिडकी लाल. पुढे बेनितो किंकेला मार्तिन या तिथल्याच चित्रकाराने कामिनितो नावाची गल्ली अशीच रंगवून घेतली, आणि १९५९ पासून ती उघड्यावरचं संग्रहालय झाली. अशा वस्त्यांतल्या घरांना ‘कोनवेंतिजो’ म्हणत. मुंबईची चाळ डोळ्यांपुढे आणा. एका खोलीत एक कुटुंब, मधे अंगण, सगळ्यांत मिळून एक नळ. नळावर भांडणं झाली असतील, ती कुठल्या भाषेत, देव जाणे!

अशा अंगणांत टँगो वाढला. तो एकट्या कुणाचा नाही. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे ढोल, क्यूबा बेटावरून आलेली ‘हाबानेरा’ची चाल, गवताळ मैदानांतल्या गुराख्यांची गिटारवरची गाणी, आणि इटलीहून आलेल्यांची घरची आठवण, असं सगळं एका पातेल्यात शिजलं. नदीपलीकडचे माँटेव्हिडिओवाले म्हणतात, टँगो आमचाही. बरोबरच आहे त्यांचं. २००९ साली युनेस्कोने टँगोला मानवजातीचा वारसा म्हटलं, ते अर्जेंटिना आणि उरुग्वे अशा दोघांच्या नावावर.

जरा बाकावर टाळी वाजवून बघू या. एक ते आठ सारख्या वेगाने मोजा आणि टाळी द्या फक्त एक, चार, पाच आणि सात या आकड्यांवर. आपल्या केरव्याच्या मात्राही आठच, पण ही चाल वेगळी, लंगडत नाचत गेल्यासारखी. ही हाबानेराची चाल, आणि सुरुवातीच्या टँगोच्या पोटात हीच होती. ही टाळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळी टँगो वाजवणारं टोळकं लहान असे. बहुतेक वेळा एक फ्लूट, एक गिटार, एक व्हायोलिन. काखेत मारून कुठेही नेता येणारी वाद्यं! आणि जायचं तरी कुठे? दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे, बदनाम घरं. पिआझोलाच्या पहिल्या भागाच्या नावात १९०० सालचं असंच एक बदनाम घर आहे. चांगल्या घरच्या लोकांनी टँगोला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आपल्याकडे तमाशाकडे पांढरपेशांनी किती दिवस नाक मुरडलं, आठवतं? तसंच. पुढे पॅरिसच्या बड्या लोकांनी टँगो डोक्यावर घेतला, १९१३ च्या सुमारास, तेव्हा कुठे ब्युनोस आयर्सच्या बड्यांना तो आपला वाटू लागला. हा भाग ऐकाल तेव्हा फ्लूट चिवचिवाट करीत, थट्टा करीत सुटलेली सापडेल, आणि गिटार वाजवणारा मधूनच गिटारच्या लाकडावर टकटक करतो. वाईट जागेचं नाव आणि संगीत इतकं हसरं! मला तो भाग फार आवडतो.

आता भुयारी रेल्वे पकडू. १ डिसेंबर १९१३ ला सुरू झालेली ही ‘ए’ मार्गिका पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धातली पहिली भुयारी रेल्वे. तिचे लाकडी बाकांचे जुने डबे तब्बल शंभर वर्षं, २०१३ पर्यंत धावले. पिएद्रास स्थानकावर उतरून वर आलं की आवेनिदा दे मायो या रुंद रस्त्यावर कॅफे तोर्तोनी. १८५८ पासून चालू आहे! १९२६ साली त्याच्या तळघरात कलावंतांचा कट्टा भरू लागला, आणि त्यात पुढाकार कुणाचा? आपल्या ला बोकातल्या रंगाऱ्याचा, किंकेला मार्तिनचा.

पिआझोलाचा दुसरा भाग आहे ‘कॅफे १९३०’. तोवर टँगो गुत्त्यातून कॅफेत आला होता, कोट घालून. पण एक वाद्य मागे पडलं. कोणतं? फ्लूट! तिची जागा जर्मनीहून आलेल्या बांदोनेऑनने घेतली. आपल्या पेटीसारखंच भात्यावर चालणारं वाद्य, पण मांडीवर धरून दोन्ही हातांनी उघडायचं-मिटायचं. दोन्ही बाजूंना मिळून एकाहत्तर बटणं, आणि त्यातली बरीचशी उघडताना एक सूर देतात, मिटताना दुसरा! शिकणाऱ्याचे काय हाल होत असतील! त्याचा आवाज घोगरा, उदास. पियानो, डबल बेस आले, वाद्यवृंद मोठे झाले आणि फ्लूटचा नाजूक आवाज त्या गर्दीत पुरेना. टँगोही संथ झाला.

पिआझोलाने छापील प्रतीत प्रत्येक भागाआधी चार ओळी लिहिल्या आहेत. तो म्हणतो, या काळात लोक नाचायचं सोडून टँगो ऐकू लागले. इथे मात्र मला त्याचं पूर्ण पटत नाही. १९३५ नंतर हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदाने असा काही जोरदार ठेका धरला की नाचाचे हॉल पुन्हा गच्च भरले. पण संगीतकाराला आपल्या आठवणीतलं शहर लिहायची मुभा असते. ‘कॅफे १९३०’ सुरू होतो तो नुसत्या गिटारने. फ्लूट गप्प. गिटार एकटीच हळूहळू बोलत राहते, आणि मग फ्लूट आत येते, इतकी दुःखी की पहिल्या भागातली हीच का ती, असं वाटावं.

हा पिआझोला होता तरी कोण? जन्म १९२१, मार देल प्लाता या समुद्रकाठच्या गावी. आजोळ-पणजोळ इटलीचं. चार वर्षांचा असताना घरचे न्यूयॉर्कला गेले. तिथे वडिलांनी त्याला जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक बांदोनेऑन आणून दिलं. टँगोचा सर्वांत लाडका गायक कार्लोस गार्देल न्यूयॉर्कला आला, तेव्हा या मुलाने त्याच्या सिनेमात पेपर विकणाऱ्या पोराचं छोटं काम केलं. गार्देल त्याला दौऱ्यावर न्यायला तयार होता, पण वडील म्हणाले, लहान आहे, नको. त्याच दौऱ्यात, २४ जून १९३५ ला, कोलंबियातल्या विमान अपघातात गार्देल गेला.

मोठेपणी पिआझोलाला वाटू लागलं, टँगो हलका, आपण ‘खरं’ शास्त्रीय संगीत लिहावं. १९५४ साली तो पॅरिसला नादिया बुलांजे या नामांकित शिक्षिकेकडे शिकायला गेला. आपण टँगो वाजवतो हे त्याने तिच्यापासून लपवलं! लाजच वाटायची ना. शेवटी तिने विचारून विचारून त्याला त्याचा एक टँगो पियानोवर वाजवायला लावला, आणि सांगितलं की खरा पिआझोला हा आहे, याला सोडू नकोस. (आम्हां शिक्षकांना ही गोष्ट जरा जास्तच आवडते, हे उघड आहे!)

तो परत आला आणि १९५५ साली आठजणांचा जथा काढला, त्यात चक्क विजेवरची गिटार! शहर खवळलं. हा टँगोच नव्हे, याने टँगो मारला, असं लोक म्हणू लागले. रस्त्यात अडवून भांडत. पण तो हटला नाही. १९६० साली पाचजणांचा नवा जथा घेऊन तो रात्रीच्या छोट्या क्लबांत वाजवू लागला. रचनेच्या तिसऱ्या भागाचं नाव ‘नाइटक्लब १९६०’. ब्राझीलची बोसा नोव्हा, अमेरिकेचा जॅझ तेव्हा शहरात येऊन पोचले होते.

आता ती मघाची टाळी आठवा. एक, चार, पाच, सात. यातला पाच गाळा. एक, चार, सात. पुन्हा पुन्हा. तीन, तीन, दोन असे तुकडे पडतात ना? हीच पिआझोलाची सर्वांत आवडती चाल! बदनाम घरातल्या जुन्या टँगोतली एक टाळी कमी केली, की नवा टँगो पुढे धावायला लागतो. लोक म्हणत होते याने परंपरा मोडली, आणि हा तर तिचाच सांगाडा उघडा करून दाखवत होता.

शेवटचा मुक्काम तेआत्रो कोलोन. १९०८ साली उघडलेलं हे ऑपेरागृह आवाजाच्या सुरेलपणासाठी जगात नावाजलेलं आहे. इथे गुत्त्यातल्या संगीताला कोण विचारतो? पण ११ जून १९८३ ला पिआझोला या रंगमंचावर आपला बांदोनेऑन घेऊन उभा राहिला. (हो, उभाच. इतर वादक बसून वाजवतात, हा एक पाय खुर्चीवर ठेवून उभ्याने वाजवायचा.)

आणि मग काही वर्षांतच त्याने टँगोचा हा इतिहास लिहिला. आयुष्यभर बांदोनेऑन वाजवणाऱ्या या माणसाने त्यात बांदोनेऑन घेतलाच नाही! वाद्यं घेतली ती कोनवेंतिजोच्या अंगणातली, फ्लूट आणि गिटार. गर्दीत जिचा आवाज पुरेना झाला होता, त्या फ्लूटला त्याने सगळी गोष्ट सांगायला बसवलं. चौथा भाग ‘आजची मैफल’. त्यात बार्टोक, स्ट्राव्हिन्स्की यांच्या धर्तीचे आंबट, टोचरे सूर आहेत. पहिल्यांदा ऐकताना तुम्ही तोंड वाकडं कराल. करा खुशाल.

पिआझोला १९९२ साली ब्युनोस आयर्समध्ये वारला. मार देल प्लाताच्या विमानतळाला आता त्याचं नाव आहे. ही रचना तुम्हांला घरच्यांच्या मोबाइलवर सहज सापडेल. चारी भाग ओळीने ऐका. पहिल्या तिन्हींना टाळी धरून बघा. चौथ्यात ती सारखी चुकेल. तिथे हात खाली ठेवून नुसतं ऐका.