तेरा तासांचे सिंगापूर

ती. दादा आणि सौ. वहिनी यांच्या सेवेशी,


दादांनी पत्रात विचारलेला प्रश्न वरवर पाहता तिकिटाचा आहे: मुंबईहून सिडनीला जाताना सिंगापूरला सकाळी साडेसातला उतरून रात्री साडेआठचे पुढचे विमान घ्यायचे असेल, तर मधले तेरा तास विमानतळावर बसून काढावेत, शहरात एक फेरी मारावी, की पुढचे तिकीट दुसऱ्या दिवसाचे घेऊन एक रात्र मुक्काम करावा. अशा वेळी प्रवासी बहुधा शहराची योग्यता तपासू लागतो, म्हणजे सिंगापूर पाहण्यासारखे आहे का, असे चार जणांना विचारतो. या प्रश्नाचे उत्तर जगातील बहुतेक मोठ्या शहरांबाबत होकारार्थीच येते आणि म्हणूनच निर्णयाला त्याचा काही उपयोग होत नाही. खरे तपासायचे असते ते हे, की येण्याजाण्याचा, रांगांचा आणि थकव्याचा वेळ वजा केल्यावर जे तास उरतात, त्यांत त्या शहरातील एखादी तरी गोष्ट पुरती पाहून होते किंवा नाही.

विमान कंपन्यांच्या भाडेनियमांत अशा थांब्याचे दोन प्रकार मानले जातात. आंतरराष्ट्रीय प्रवासात एका विमानातून उतरणे आणि दुसऱ्यात चढणे यांतील अंतर चोवीस तासांपर्यंत असेल, तर तो ट्रान्झिट, म्हणजे केवळ विमान बदलण्यासाठी घेतलेला थांबा, समजला जातो. अंतर त्याहून वाढले की तो स्टॉपओव्हर, म्हणजे प्रवाशाने स्वेच्छेने केलेला मुक्काम, ठरतो. हा भेद कागदी वाटला तरी त्याचे परिणाम हाताला आणि खिशाला जाणवणारे असतात. संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट असलेल्या ट्रान्झिटमध्ये बॅगांना सहसा मुंबईतच सिडनीची चिठ्ठी लागते आणि त्या मधे प्रवाशाच्या हाती येत नाहीत, तर स्टॉपओव्हरमध्ये त्या उतरवून घ्याव्या लागतात, हॉटेलपर्यंत वाहाव्या लागतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजनकाट्यावर चढवाव्या लागतात. शिवाय भाड्याची आकारणीही बदलू शकते. आइसलँडच्या विमान कंपनीप्रमाणे काही कंपन्या जादा भाडे न घेता सात दिवसांपर्यंत मुक्काम करू देतात. पण तेथे तो मुक्काम म्हणजे एक स्वतंत्र छोटी सहलच असते आणि तिला थांबा म्हणणे हे केवळ तिकिटाच्या भाषेपुरते खरे असते.

दादांच्या तीन पर्यायांपैकी एका रात्रीच्या मुक्कामाचा पर्याय सर्वांत आकर्षक दिसतो आणि विचारांती तोच सर्वांत वाईट ठरतो. हॉटेलची खोली सामान्यतः दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही, त्यामुळे सकाळी उतरलेला प्रवासी आंघोळीविना आणि झोपेविना अर्धा दिवस काढतो. संध्याकाळ झोपेत जाते. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास खोली सोडावी लागते आणि रात्रीच्या विमानापर्यंतचा वेळ सामानाची व्यवस्था लावण्यात सरतो. म्हणजे खर्च एका रात्रीचा, सामान बांधण्याचे काम दोनदा, आणि पाहण्याचा वेळ मात्र तेरा तासांच्या थांब्याहून फारसा जास्त नाही. एकतर तीन रात्री राहावे, नाहीतर सकाळी येऊन रात्री निघावे. मधला मार्ग येथे शहाणपणाचा नाही.

शहरात पाऊल टाकायचे तर इमिग्रेशन, म्हणजे परदेशातील प्रवेशाची तपासणी, पार करावी लागते आणि भारतीय पासपोर्टधारकास सिंगापूरसाठी एरवी आगाऊ व्हिसा लागतो. तथापि ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान यांसारख्या ठरावीक देशांचा वैध व्हिसा हाती असलेल्या भारतीयास, पुढच्या प्रवासाचे निश्चित तिकीट असल्यास, ९६ तासांपर्यंत व्हिसाविना प्रवेश देण्याची सवलत सिंगापूरने ठेवली आहे. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसाला तीत वेगळ्या अटी आहेत, आणि सवलत हा हक्क नसल्याने शेवटचा शब्द खिडकीमागच्या अधिकाऱ्याचा असतो. याखेरीज आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनपत्र नावाचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. तो विनामूल्य आहे आणि त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. सिंगापुरात चघळण्याच्या तंबाखूवर बंदी आहे, आणि झोपेच्या काही गोळ्या व कोडीनसारखी वेदनाशामके यांवर निर्बंध असून काहींना पूर्वपरवानगी लागते. बॅगा थेट सिडनीला गेल्या तरी हातातील पिशवी प्रवाशाबरोबर सीमा ओलांडते, हे दादांच्या तंबाखूच्या डबीच्या आणि वहिनींच्या औषधांच्या संदर्भात ध्यानात ठेवावे लागेल.

आता वजाबाकी. विमानातून उतरून तपासणी संपवून बाहेर पडेपर्यंत सव्वा तास धरावा, पुढच्या विमानाआधी तीन तास परत पोहोचावे, आणि शहर सुमारे २० किलोमीटरवर असल्याने जाण्यायेण्याचा मिळून दीड तास धरावा. तेरातून हे सारे वजा जाता सुमारे सात तास उरतात. पण हे सात तासही सारखे नसतात. सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असल्याने तेथील सकाळचे साडेसात म्हणजे शरीराच्या दृष्टीने पहाटेचे पाच होत, आणि साडेपाच तासांच्या विमानप्रवासात जेवणाची गाडी व दिव्यांची उघडझाप सोडता तीन तासांची झोप मिळाली तरी पुष्कळ. शहर विषुववृत्तापासून सव्वा अंश उत्तरेस असल्याने तेथे हिवाळा असा नाही. दुपारी बारानंतर उकाडा आणि अवचित येणारा पाऊस सत्तरीकडे झुकलेल्या प्रवाशाला चालू देत नाहीत. तेव्हा कामाचे तास सकाळचे साडेतीन, फार तर चार. ही संख्या निराश करणारी वाटते, पण निर्णय घेता येतो तो याच संख्येवर. तेरा या संख्येवर घेतलेला निर्णय हमखास फसतो.

याच मोजपट्टीने इतर शहरांकडे पाहिले असता सिंगापूरचे वेगळेपण कळते. मुंबईहून ऑस्ट्रेलियाला जाण्याचा दुसरा रुळलेला मार्ग क्वालालंपूरवरून जातो, आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिल्याने तेथे उतरणे कागदोपत्री अधिक सोपे झाले. परंतु तेथील विमानतळ शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे आणि जलद रेल्वे असली तरी पाहण्याच्या जागा शहरभर विखुरलेल्या आहेत. इस्तंबूलचा नवा विमानतळ शहराच्या उत्तरेस काळ्या समुद्राच्या बाजूला असल्याने जुन्या शहरात पोहोचेपर्यंत तेथील कुप्रसिद्ध रहदारी प्रवाशाचा बराच वेळ घेते. व्हिसा सहज मिळतो म्हणून थांबा घेणे ही त्यामुळे चुकीची सुरुवात आहे.

चार तासांत पुरते पाहून होईल असे सिंगापुरात काय आहे, याचे उत्तर माहितीपत्रकांत सापडणार नाही. तेथे सिंहमुखी माशाचा पांढरा पुतळा असतो, जो साडेआठ मीटरच्या आसपास उंचीचा असून छायाचित्रातच अधिक भव्य दिसतो, आणि विमानतळाशेजारच्या ज्वेल या इमारतीतील ४० मीटर उंचीचा धबधबा असतो, जो इमिग्रेशनच्या बाहेर आहे हे अनेकांना तेथे गेल्यावर कळते. विमानतळातर्फे साडेपाच तासांहून अधिक थांबा असलेल्या प्रवाशांना सुमारे अडीच तासांची मोफत बसफेरीही मिळते. थांबा सहा-सात तासांचाच असेल तर ती घेण्यात काही वावगे नाही, परंतु तेरा तास असणाऱ्याने खिडकीतून शहर पाहण्याचे कारण नाही.

त्याऐवजी सिटी हॉल या मेट्रो स्थानकाभोवतीचा एक किलोमीटरचा परिसर घ्यावा. स्थानकाबाहेर पडताच सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल लागते. १८५६ ते १८६१ या काळात बांधलेले हे चर्च हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांच्या श्रमांतून उभे राहिले. ईस्ट इंडिया कंपनीने १८२५ पासून बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी सिंगापूरला धाडले, त्यांच्याकडून रस्ते, दीपगृहे आणि सरकारी इमारती बांधून घेतल्या, आणि कैद्यांची ही वसाहत १८७३ मध्ये बंद होईपर्यंत ते त्या बेटावरचे सर्वांत स्वस्त मजूर होते. चर्चच्या आतील भिंतींवर मद्रासी चुनम नावाचा गिलावा आहे: शिंपल्यांचा चुना, अंड्यातील पांढरा बलक आणि जाडी साखर एकत्र कुटून, नारळाची सोडणे भिजवलेल्या पाण्याने तो कालवला जाई आणि वाळल्यावर घासून गुळगुळीत केला जाई. काळ्या पाण्याची शिक्षा म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अंदमान येते, पण अंदमानची कायम वसाहत १८५८ ची आहे. त्याआधीची सुमारे तेहतीस वर्षे त्या शिक्षेचा एक पत्ता सिंगापूर हा होता.

चर्चसमोरचा रस्ता ओलांडला की पदांग नावाचे विस्तीर्ण हिरवे मैदान येते. ५ जुलै १९४३ रोजी याच मैदानावर, तेव्हाच्या नगरपालिकेच्या इमारतीसमोर, सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि दिल्लीकडे कूच करण्याची हाक दिली. त्याच इमारतीत १२ सप्टेंबर १९४५ रोजी जपानी सेनेच्या वतीने माउंटबॅटन यांच्यापुढे शरणागतीवर सही झाली. आज ती शेजारच्या जुन्या सर्वोच्च न्यायालयासह राष्ट्रीय कलादालन झाली आहे, आणि उन्हाने कंटाळलेल्या प्रवाशाला तेथे गारव्यात तासभर काढता येतो. मैदानापलीकडच्या एस्प्लनेड उद्यानात आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा आहे. बोस यांनी ८ जुलै १९४५ रोजी त्याची पायाभरणी केली, परतलेल्या ब्रिटिशांनी सप्टेंबरमध्ये ते सुरुंगाने उडवले, आणि १९९५ मध्ये सिंगापूर सरकारने त्या ठिकाणी खूणफलक उभारला. सिटी हॉलहून एकाच स्थानकाच्या अंतरावर, धोबी घाट या नावाच्या स्थानकाजवळ, कॅथे इमारतीचा दर्शनी भाग जतन केलेला आहे; २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा तेथे झाली. त्या सरकारात सैन्याचे प्रतिनिधी म्हणून सावंतवाडी भागातील जगन्नाथराव भोसले होते, जे स्वातंत्र्यानंतर रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात उपमंत्री झाले. कोकणातील एखादा वृद्ध वाचक सोडला तर हे नाव आता फारसे कोणाच्या ओठी नसते, ही खंतीची बाब आहे.

कैद्यांनी बांधलेले चर्च, सैन्याचे मैदान आणि उडवून दिलेल्या स्मारकाची जागा, हे सारे सावकाश चालत दोन-अडीच तासांत पाहून होते आणि त्यातून सिंगापूरचा एक धागा आदिअंतासह हाती येतो. उरलेले शहर पाहिले नाही, याची रुखरुख बाळगण्याचे कारण नाही. तीन दिवस राहणाराही ते सारे पाहत नाही. धोबी घाटहून पुढच्याच स्थानकावर लिटल इंडिया आहे आणि तेथील सेरांगून रस्त्यावरील, १९४७ पासून चालू असलेल्या कोमला विलासमध्ये वहिनींना निर्धास्तपणे शाकाहारी जेवता येईल. दोनच्या सुमारास विमानतळाकडे निघावे आणि ट्रान्झिट विभागातील, तासांच्या हिशेबाने मिळणारी खोली आधीच राखून ठेवून तेथे झोपावे. या खोलीचा खर्च चैनीचा समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. मुळात तो धोका लहानच असतो, तरी सकाळी चाललेले आणि दुपारी पाय पसरून झोपलेले शरीर पुढच्या आठ तासांच्या बैठकीला अधिक लायक असते. अर्थात वहिनींच्या गुडघ्यांबाबत डॉक्टरांचा शब्द या पत्राच्या वरचा मानावा.

थांब्याच्या बाजूने दिले जाणारे आणखी एक कारण उरते, ते म्हणजे आणखी एक देश झाला असे म्हणता येणे आणि पासपोर्टावर त्याचा शिक्का उमटणे. सिंगापूरने २०२० च्या अखेरीपासून परदेशी प्रवाशांच्या पासपोर्टांवर शिक्के मारणे बंद करून प्रवेशाची परवानगी ईमेलने पाठवण्यास सुरुवात केली, त्यामुळे या कारणाचा निकाल परस्परच लागला आहे.

तेव्हा जाताना सकाळी उतरणारे आणि रात्री सुटणारे, संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट घ्यावे. दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडली तरी घेऊ नयेत, कारण पहिल्या विमानाला उशीर झाल्यास दुसऱ्याचे नुकसान सर्वस्वी प्रवाशाच्या माथी येते. येताना मात्र सर्वांत कमी थांब्याचे विमान निवडावे, कारण सिडनीतील नातवंडांना सोडून निघालेल्या प्रवाशाचे लक्ष कोणत्याच शहरात लागत नाही. पैसे भरण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा एका प्रवेशाचा आहे की अनेक प्रवेशांचा, एवढे पाहून कळवावे.



आपला धाकटा बंधू