पाण्याखालील अरण्याचे बाळपण

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून थोड्याच अंतरावर सॅन डिएगो हे बंदर आहे. त्याच्या पश्चिमेस पॉइंट लोमा नावाचे भूशिर समुद्रात शिरलेले आहे. तेथील जुन्या दीपगृहाच्या टेकडीवरून खाली पाहिले, की किनाऱ्याला समांतर असा एक तपकिरी पट्टा पाण्यावर डुलताना दिसतो. नवख्या माणसास तो गाळ वाटावा. वस्तुतः ते एका अरण्याचे शेंडे होत.

हे अरण्य महाकाय केल्पाचे आहे. केल्प म्हणजे समुद्रशेवाळाचाच एक प्रकार. त्यास खरी मुळे नसतात. तळाच्या खडकास तो बोटांसारख्या तंतूंनी घट्ट धरून राहतो आणि हवेने भरलेल्या लहान लहान फुग्यांच्या बळावर वर येतो. परिस्थिती अनुकूल असली, तर त्याची एकेक शाखा दिवसाकाठी फूटभर वाढते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी १८३४ मध्ये डार्विनने हाच केल्प पाहिला आणि त्याची तुलना उष्ण प्रदेशांतील जंगलांशी केली.

आपल्या कोकणच्या खडकांवर सारगॅसमसारखी शेवाळे उगवतात, परंतु केल्प आढळत नाही. त्याला थंड पाणी लागते. ऊब म्हणजे वाढ, अशी आपली सर्वसाधारण समजूत; येथे मात्र गणित उलटे आहे. समुद्रातील मृत जीव तळाशी जाऊन कुजतात आणि त्यांतील नायट्रेट अंधाऱ्या, गार पाण्यात साचून राहते. वसंतात वायव्येकडील वारे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात व त्याच्या जागी खालचे पाणी वर येते. केल्पाचे अन्न येते ते या पाण्याबरोबर. दक्षिण कॅलिफोर्नियात पाण्याचे तापमान सुमारे १६ अंश सेल्सियसच्या वर गेले, की त्यात नायट्रेट जवळजवळ उरत नाही. जवळच्या ला होया गावी असलेल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या धक्क्यावर १९१६ पासून रोज पाण्याचे तापमान नोंदले जाते. ती वही म्हणजे एका अर्थी केल्पाच्या धान्यकोठाराचा हिशेबच म्हणावा लागेल.

या कोठारावर सर्वांत अधिक अवलंबून असते ते बाळकेल्प. मोठ्या केल्पापासून सुटलेले सूक्ष्म बीजकण खडकावर बसतात आणि त्यांतून डोळ्यांस न दिसणारी नर व मादी रोपे होतात. ती एकमेकांपासून मिलिमीटरभर अंतरात असतील, तरच फलन होण्याची आशा. त्यातून जन्मणाऱ्या अंकुरास तळापर्यंत पोचणारा प्रकाश हवा आणि पाणी गारही हवे. दोन्हींचा योग जुळून येतो तो वर्षातून थोडेच दिवस. मोठ्या केल्पाचा पसारा पृष्ठभागापासून तळापर्यंत असल्यामुळे वर दुष्काळ पडला, तरी तो खालच्या थरातून अन्न घेऊन शेंड्यांपर्यंत पोचवतो. तरीही त्याच्यापाशी नत्राची शिदोरी दोन-तीन आठवड्यांचीच. मग वीतभर रोपट्याची काय कथा!

१९८२-८३ मध्ये एल निन्योने हीच परीक्षा पाहिली. पेरूच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या या उष्ण प्रवाहास दिलेल्या नावाचा अर्थ ‘बाळ’ असा आहे. समुद्रातील बाळांवर मात्र त्याची कृपा दिसत नाही. गरम पाण्याचा थर इतका खोल गेला, की तळाच्या रोपट्यांनाही नायट्रेट मिळेना. वाढ खुंटण्याचे कारण उष्णता, की उपासमार? शास्त्रज्ञांनी समुद्रतळावरील काही रोपट्यांना चक्क खत घालून पाहिले. पाणी तेच, ऊब तीच. पण खत मिळालेली रोपटी जोमाने वाढली. शेतकऱ्याला हे सहज पटेल.

पुढे जानेवारी १९८८ मध्ये मोठे वादळ होऊन पॉइंट लोमाचे पुष्कळसे केल्प उपटून गेले. लोकांस वाटले, आता सर्व संपले. परंतु छत नाहीसे झाल्याने तळाशी ऊन पोचले आणि पाठोपाठ गार, अन्नसमृद्ध पाण्याचा काळ आला. खडकांवर नव्या रोपट्यांची दाटी झाली.

तेव्हा समुद्रात खत सोडले की काम झाले, असे कोणी म्हणेल. उत्तरेस लॉस एंजेलिसजवळच्या पालोस व्हर्डीज येथील हकीकत त्याने ऐकावी. १९३७ पासून तेथे शहराचे सांडपाणी समुद्रात जाऊ लागले. त्यात नत्राची वाण नव्हती, पण गाळही तितकाच. पाणी गढुळले, ऊन तळापर्यंत पोचेना आणि बीजकणांना बसायचे खडक चिखलाने माखले. जे रोपटे तगे, ते अंगभर काटे असलेल्या अर्चिन नावाच्या प्राण्यांच्या तोंडी पडे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथील केल्प जवळजवळ नाहीसे झाले. १९७० च्या दशकात सांडपाण्याच्या शुद्धीकरणात सुधारणा झाली. पाणबुड्यांनी दुसरीकडून केल्प आणून लावले, अर्चिन हटवले. मग कुठे त्या किनाऱ्यावर तपकिरी शेंडे पुन्हा पाण्यावर दिसू लागले.