चाल तीच, शब्द बदलले

शोस्टाकोविचच्या तेराव्या सिंफनीची तीन ध्वनिमुद्रणे आम्ही गेल्या आठवड्यात पुन्हा पुन्हा ऐकली. आंबेडकरी कार्यकर्त्याला हा नाद कशाला, असे एका मित्राने विचारले. त्याला दिलेले उत्तर इथे मांडतो आहोत, कारण प्रश्न संगीतापुरता राहिलेला नाही.

आधी इतिहास. कीव शहराच्या कडेला बाबी यार नावाची घळ होती. २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत नाझींनी तिथे ३३,७७१ ज्यू माणसे गोळ्या घालून मारली. हा आकडा खुद्द मारेकऱ्यांच्या अहवालातला आहे. युद्ध संपले, सोव्हिएत सत्ता जिंकली, पण त्या घळीवर स्मारक उभे राहिले नाही. १९६१ मध्ये येवगेनी येवतुशेंको या तरुण कवीने याविरुद्ध जाहीर कविता लिहिली. शोस्टाकोविचने ती आणि त्याच कवीच्या आणखी चार कविता घेऊन खर्जातला एक गायक, पुरुषांचा कोरस आणि वाद्यवृंद यांच्यासाठी पाच भागांची सिंफनी रचली. कवी ज्यू नव्हता, संगीतकारही नव्हता.

१८ डिसेंबर १९६२ रोजी मॉस्कोत किरिल कोंद्राशिनने ती प्रथम सादर केली. त्यानंतर वरून दबाव आला आणि कवीने पहिल्या भागातल्या दोन ठिकाणच्या ओळी बदलल्या. शोस्टाकोविचने सुरांना हात लावला नाही.

आता ध्वनिमुद्रणे. पहिले डिसेंबर १९६२ च्या मैफलीतले. गायक विताली ग्रोमाद्स्की, शब्द मूळ. दुसरे १९६७ चे. संचालक तोच कोंद्राशिन, गायक आर्तुर आयझेन, शब्द बदललेले. तिसरे १९८४ चे, ॲमस्टरडॅमचे. संचालक बर्नार्ड हायटिंक, गायक मारियस रिंट्झलर, शब्द पुन्हा मूळ. आम्हांला रशियन येत नाही. दोन्ही पाठ आणि त्यांचे भाषांतर समोर ठेवून, बोट फिरवत ऐकले.

नुसत्या कानाने विचाराल तर हायटिंकचे मुद्रण सर्वांत स्वच्छ. घंटेचा प्रत्येक टोला, कोरसचा प्रत्येक श्वास वेगळा कळतो. आयझेनचा आवाज भरदार, अंगावर येणारा. १९६२ चे मुद्रण त्यामानाने ओबडधोबड. पण बोट त्या बदललेल्या ओळींवर आले की तुलनेचे मापच बदलते.

मूळ ओळींत गायक म्हणतो की आता मी स्वतःच ज्यू आहे, पुढे म्हणतो की इथे मारल्या गेलेल्या प्रत्येक म्हाताऱ्यात आणि प्रत्येक मुलात मीच आहे. नव्या ओळींत तो सांगतो की इथे रशियन आणि युक्रेनी माणसेही ज्यूंच्या सोबत एकाच मातीत आहेत, आणि फॅसिझम अडवणाऱ्या रशियाचा पराक्रम आठवतो.

नव्या ओळी खोट्या आहेत का? नाहीत. बाबी यारमध्ये पुढे इतरही हजारो मारले गेले. रशियाने फॅसिझम अडवला हेही खरे. मग गेले काय? कारण गेले. त्या दोन दिवसांत माणसे ज्यू होती म्हणून मारली गेली. खरे वाक्य नेमक्या ठिकाणी ठेवले की ते खोट्याचे काम करते, ही सत्तेची जुनी युक्ती आहे. १९७६ मध्ये तिथे स्मारक झाले तेव्हाही त्यावर सोव्हिएत नागरिक होते, ज्यू नव्हते.

ही युक्ती आपल्या परिचयाची नाही काय? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले. तारीख तीच, हा योगायोग. पण पुढचा योगायोग नव्हता. न्यायालयांनी खुनासाठी शिक्षा दिली, अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र लागू धरला नाही. माणसे मेली हे मान्य, कोणत्या जातीची म्हणून मेली हे अमान्य.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. सत्तेने सबंध कविता बंद केली नाही. सहानुभूती तिला चालत होती. ‘मी त्यांच्यातलाच आहे’ हे वाक्य तिला चालले नाही. आपल्याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. आपल्या बाजूला येऊन उभे राहणारे थोडे. सत्ता दुसऱ्यांना घाबरते.

सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी लोकांच्या ओठांवरच्या चालींत विद्रोहाचे शब्द भरले. मॉस्कोत उलटे झाले. विद्रोहाची चाल तशीच ठेवून तिच्यात सोयीचे शब्द भरले गेले. तरी कोंद्राशिन आणि आयझेन यांना आम्ही आरोपी करणार नाही. त्यांनी बदललेल्या शब्दांनिशी का होईना, ही रचना जिवंत ठेवली. आयझेन त्या ओळी गातो तेव्हा खाली वाजणारे शोकाचे सूर शब्दांशी जुळत नाहीत. पराक्रमाचे शब्द आणि मातमाचे संगीत. ती फट ऐकू येते. संगीतकाराने सूर का बदलले नाहीत हे तिथे कळते.

तरुण मित्रांनो, एकच ऐकायचे असेल तर १९६२ चे ऐका, आवाज कसाही असो. दोन ऐकणार असाल तर त्यानंतर १९६७ चे. आणि मग आपल्याकडच्या बातम्या, निकालपत्रे, पाठ्यपुस्तके अशीच बोट ठेवून वाचा. कोणता शब्द काढला आणि त्या जागी कोणता खरा शब्द बसवला, ते शोधा.

जय भीम!